तुंगारेश्वरामागे गेलेला आवाज

उमेळे, वसई
१५ नोव्हेंबर

प्रिय क्षितिजा,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. जोरहाटचा शिक्का बघून पोस्टमनने विचारलं, "मिलिटरीत कोण आहे का तुमच्याकडचं?" मी म्हटलं, आहे, पण ती माझ्यावरच बंदूक रोखून बसलीय. तो घाबरून निघून गेला.

इकडे सगळं ठीक. भात कापून झालं. आईचा गुडघा तसाच. बाबा माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात. शेतासमोरचा टॉवर आता इतका वर गेलाय की दुपारनंतर आमच्या भाजीला ऊन मिळत नाही. मी लोकांच्या जिन्यात कॅमेरे बसवत फिरतो. पगार वेळेवर मिळतो, आणि गेल्या दोन महिन्यांत एकाही सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडलो नाही. हे खोटं वाटलं तर शेठला फोन करून विचार.

तू दोन प्रश्न विचारलेस. एक, तुमच्या पूर-इशाऱ्याच्या बोटीवरच्या टीमसाठी स्वस्तातला ड्युअल बँड रेडिओ हँडसेट कुठला घ्यावा. दोन, संस्था तुला आणखी दोन वर्षं थांब म्हणतेय, तर तू तिकडे राहावंस की परत यावंस. दुसऱ्याखाली रेघ मारून लिहिलंयस, "एका शब्दात सांग. पण लिहिण्याआधी थांब. फोन करू नकोस. फोनवर तू बोलत नाहीस, फुटतोस."

फुटतोस! हे वाचून मी फोन उचललाच होता. मग ठेवला.

तर आधी पहिला प्रश्न.

कंपनीच्या नावावर जाऊ नकोस. स्वस्तातले सगळे सेट एकाच आईची लेकरं आहेत, फक्त कपडे वेगळे. एवढंच बघ की तो एका बँडवर बोलून दुसऱ्यावर ऐकू शकतो का, आणि ते एकाच चॅनलमध्ये साठवता येतं का. दुकानदार "हां हां, होता है" म्हणेल. त्याच्यासमोर करून घे. डब्यावर वॅटचा आकडा फुगवलेला असतो, त्याला भुलू नकोस. पाच खरे वॅट पुरतात. किती पुरतात ते पुढे लिहितो, माझा अजून विश्वास बसत नाही. सोबत मिळणारा आखूड अँटेना घरात ठेव, लांब वेगळा घे. एक बॅटरी जादा. वॉटरप्रूफ लिहिलं असलं तरी प्लास्टिकच्या पिशवीतच वापर, ब्रह्मपुत्रेला डबा वाचता येत नाही. लायसन्सची प्रत न मागता विकणाऱ्याकडून घेऊ नकोस, आणि टीममध्ये ज्यांची परीक्षा झाली नाही त्यांना फक्त ऐकायला दे. सेटच्या आत एक बाई असते, प्रत्येक बटणाला काहीतरी बोलते. तिला पहिल्याच दिवशी गप्प कर.

अजून एक. मेनूत टाइम-आउट असतो. बटण दाबून ठरावीक वेळेपेक्षा जास्त बोललं की सेट स्वतःच आपल्याला तोडतो. तो एका मिनिटावर ठेव. मी माझा शेवटच्या आकड्यापर्यंत चढवला होता, कारण मला मध्येच कोणी तोडलेलं आवडत नाही. हसलीस ना? हस. आता ऐक पुढे.

आपल्या दोघांना सांडोरला ओट्यावर बसवून हौशी रेडिओच्या लायसन्सच्या परीक्षेसाठी घोटून घेणारी क्रिस्टीना आंटी तशीच आहे. केळीच्या बागेत पाण्याचा पाइप ओढल्याशिवाय अजून कोणाला रेडिओला हात लावू देत नाही. ऑगस्टमध्ये तिने मला सांगितलं की वर अवकाश स्थानकात हौशी लोकांसाठी एक रिपीटर आहे. खालून एका बँडवर बोललेलं तो वरून दुसऱ्या बँडवर खाली सांडतो. स्थानक आपल्या आकाशात असतं तेवढीच जेमतेम दहा मिनिटं. पण तेवढ्यात मस्कतपासून कोलंबोपर्यंत, इकडून थेट आसामपर्यंत, ज्याच्या ज्याच्या आकाशात ते असेल तो बोलू शकतो. एका वेळी एकच.

मी "आसामपर्यंत" एवढंच ऐकलं. तू तिकडच्या रेडिओ क्लबच्या सेटवर संध्याकाळी ऐकत असतेस हे तिच्याकडूनच कळलं होतं. आपलं फोनवर कडाक्याचं भांडण होऊन तेव्हा महिना झाला असेल.

नियम असा की आधी आपलं कॉलसाइन, लायसन्सवरची अक्षरं, सांगायचं, दोन वाक्यांत आटपायचं, बटण सोडायचं, ऐकायचं. मी काय केलं? खाडीकडच्या बांधावर उभा राहिलो, बटण दाबलं आणि तुझं नाव घेतलं. परत घेतलं. उत्तर येईना तसा आवाज चढवला. बटण दाबलेलं असेपर्यंत आपला सेट बहिरा असतो, हा प्रश्न मला परीक्षेत बरोबर आला होता. तरीही.

दुसऱ्या दिवशी तणतणत सांडोरला गेलो. आंटी कोयत्याने केळीचा घड उतरवत होती.

"कालचा गाढव तूच ना?"

"कोण गाढव? कोणी साधं उत्तर देत नाही, फालतू लोक सगळे."

"अख्ख्या आशियाला काल एकच शब्द ऐकू आला. मी तुला एवढं पुस्तक शिकवलं, त्यातून हा एकच शब्द राहिला काय रे तुझ्याकडे?"

"मग उत्तर द्यायचं की कोणीतरी!"

"कसं देणार? तू सोडलंस बटण? अरे, ते बोलायचं बटण आहे, कोणाचा गळा नाय."

मग तिने सांगितलं, की माझ्या आखूड अँटेनाची हद्द संपली तेव्हा तिच्या माडावरच्या अँटेनाला अजून ऐकू येत होतं, आणि नागपूरचे एक काका बोलले होते, "क्षितिजाला हाक मारणारे भाऊ, बटण सोडून पाहा नं. पोरगी उत्तर देत असंल तर तुम्हाला कसं समजंल?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि तुझ्या आवाजाखाली मधून मधून कोणतरी घुसत होतं," आंटी म्हणाली. "शिट्टी वाजावी तसं. दोन माणसं एकदम बोलली की होतं तसं."

"कोण होतं?"

"तू कळू दिलंस का?" असं म्हणून तिने घड माझ्या खांद्यावर ठेवला. "आता मी सांगेपर्यंत फक्त ऐकायचं."

ऐकायचं तर चांगला अँटेना हवा. बाबांची स्टीलची टेप कापून तिच्या पट्ट्यांचा मी एक केला, लाकडी पट्टीवर ठोकून. बाबा म्हणाले, "या घरातली एक तरी वस्तू धड राहू देशील का?" त्या आठवड्यात त्यांनी माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य.

आणि मग मी ऐकलं, क्षितिजा.

आधी नुसती खरखर. मग ती खरखर एकदम बसते. कोणीतरी दार उघडून उभं आहे आणि अजून बोललेलं नाही, तसं वाटतं. मग माणूस. मस्कतचा एक जण, त्याच्या मागे पंख्याची घरघर. कोलंबोची एक बाई, इतकी हळू आणि स्वच्छ बोलणारी की मी आपोआप सरळ उभा राहिलो. काठमांडूचा एक म्हातारा, तो फक्त आपलं कॉलसाइन सांगतो, "थँक यू" म्हणतो आणि बाजूला होतो. हे सगळं माझ्या तळहातावरच्या त्या स्वस्त डब्यात, वरून, काळोखातून येतं.

स्थानक जवळ येत असतं तेव्हा त्याची फ्रिक्वेन्सी जरा वर असते, आणि लांब जाताना खाली घसरते. म्हणून एकाच आवाजासाठी पाच चॅनल साठवायचे आणि एकेक पायरी उतरत जायचं. कॉलेजात हा दहा मार्कांचा प्रश्न होता. मी तो न सोडवताच कॉलेज सोडलं. इथे तोच प्रश्न माझ्या अंगठ्याखालून सरकत गेला आणि माझ्या अंगावर काटा आला. कोणीतरी खरंच, आत्ता, इतक्या वेगाने माझ्या डोक्यावरून चाललंय.

आणि तिथे कोणी वॉचमन नाही, हेड नाही, ओरडणारं कोणी नाही. एवढे देश, चॅनल एक, वेळ एवढीशी. तरी लोक एकमेकांसाठी थांबतात. मी आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं. पुढचे दोन महिने मी बटणाला हात लावला नाही. आंटीने हो म्हटल्यावरसुद्धा नाही.

जेवायला हाक येतेय. बाकीचं उद्या.

रविवार, सकाळ

काल रात्री झोप लागली नाही. आता जे लिहायचंय ते मी काल सगळी पानं टाळत होतो.

गुरुवारी मी तुला ऐकलं.

खरं सांगायचं तर गुरुवारी मी ऐकायला गेलो नव्हतो. तुझं पत्र आदल्या दिवशी आलेलं. "थांब" लिहिलं होतंस, आणि माझ्याच्याने थांबवत नव्हतं. मी "ये" म्हणायला गेलो होतो. तू असशील नसशील, कॉलसाइन सांगून एकदाच "ये" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. सूर्य नुकताच बुडला होता. बांधावर बाबा आले, मला चहाला बोलवायला.

"माझीच टेप ना ही?"

"धरा जरा," मी म्हटलं. मला एक हात बटणासाठी मोकळा हवा होता.

"कुठं धरू?"

"तो तारा चालतोय ना, त्याच्याकडे."

स्थानक वर आलं होतं. समुद्राच्या बाजूने, पांढरं, न लुकलुकता.

"इमान हाय?"

"नाही. पण आत माणसं आहेत."

बाबांनी अँटेना दोन्ही हातांनी आरतीचं ताट धरावं तसा धरला आणि त्या ठिपक्याबरोबर हळूहळू वळत राहिले. डोळ्याला दिसणारी गोष्ट कानात बोलत होती. बाबांचं तोंड उघडंच राहिलं. "कोन बोलतंय? वरचे?" मी म्हटलं, वरचे नाही, आपल्यासारखे, खालचेच. हे ऐकून तर ते आणखीच चाट पडले.

स्थानक डोक्यावरून गेलं आणि तुंगारेश्वराच्या डोंगराकडे उतरायला लागलं. तुमचं आकाश तेव्हाच सुरू होतं. आणि मग "व्ही यू थ्री", आणि पुढची तुझी तीन अक्षरं. तुझ्या आवाजात.

बाबांनी ओळखलं. "ही क्षितिजा ना? बोल की मंग!"

माझा अंगठा बटणावरच होता. पण नागपूरचे काका आधी आले.

"ताई, मागे एक भाऊ क्षितिजा क्षितिजा करत होते. ती क्षितिजा तुम्हीच का?"

तू हसलीस. "हो, मीच. मी उत्तर देत होते. त्याने बटण सोडलं नाही."

ती शिट्टी तू होतीस.

"बोल रे! बोल ना!" बाबा कुजबुजत ओरडत होते. मी मान हलवली. काकांनी विचारलं, नदी कशी आहे. तू सांगितलंस, की पाणी उतरलंय, की तुमच्या बोटीने यंदा एका वाळूबेटावरची सगळी माणसं वेळेत हलवली, की तिथली एक आजी आता तुला रोज केळफूल पाठवते आणि तुला ते सोलता येत नाही. तू थांबून थांबून, मजेत सांगत होतीस. क्षितिजा, आपण चार वर्षं एकमेकांना ओळखतो, आणि तू वाक्य संपवतेस कशी ते मला माहीत नव्हतं.

"मग आता घरी वापस कधी?" काकांनी विचारलं.

"मला इथे राहायचंय, काका. पण..."

आणि खरखर. स्थानक डोंगरामागे गेलं.

बाबा अँटेना तसाच डोंगराकडे धरून उभे होते. "गेली?"

"आपल्याकडून गेली. तिच्याकडे अजून आहे."

"म्हंजी ती अजून बोलतेय?"

"हो."

त्यांनी अँटेना खाली घेतला नाही. मी पण घ्या म्हटलं नाही. आम्ही दोघं बराच वेळ तसेच उभे होतो, काही ऐकू येत नसताना. मग घरी जाताना त्यांनी मला विचारलं की हे परत कधी येणार, आणि त्यांना एखादा असा रेडिओ ऐकायला मिळेल का. चहा पार निवला होता.

तर तुझा दुसरा प्रश्न.

तुला राहायचंय हे तू मला कधी सांगितलंच नाहीस, असं मी इथे लिहिणार होतो. मग वाटलं, सांगितलं असशील. मी तेव्हा बोलत असेन.

"पण"च्या पुढे काय होतं ते मला माहीत नाही. माझं नाव असेल असं वाटतं, पण मला सगळीकडे तसंच वाटतं. दुसरं काही असेल तर तेही लिही. काहीच नसेल तरी लिही.

तू एक शब्द मागितलास. थांबून लिहितोय.

राहा.

याच्याखाली चार ओळी लिहिल्या होत्या, त्या खोडल्यात. उजेडासमोर धरून वाचू नकोस.

उत्तराची घाई नाही. माझ्या तोंडून हे तू कधी ऐकलं नसशील, म्हणून लिहून देतोय.

तुझा
मितेश