दारापासून वाडग्यापर्यंत दोरी

२६ मे २००३, सोमवार

आज बाजारात शकुबाईच्या टोपलीत पाय घातला. कैऱ्या गडगडत पार सायकलवाल्याच्या दुकानापर्यंत! "डोळे हायेत का खाचा गं?" म्हणाली. खाचाच म्हणायच्या. शकुबाई मला पूर्ण दिसत होती — नाकातली चमकी, कपाळावरचा घाम, सगळं. टोपली बाजूला होती, आणि बाजूचं मला दिसत नाही. कैऱ्या वेचू लागले. चार हाताला लागल्या, बाकीच्या तिनंच बडबडत वेचल्या.

माझं जग गोल आहे. बांगडीतून बघावं तेवढं. आतलं लख्ख, बाहेर काहीच नाही. काळं पण नाही, नुसतं नाही. दिवेलागणीला बांगडी बारीक बारीक होत जाते. लहानपणी वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसतं, कुणी बोलत नाही एवढंच.

खरं सांगू का, मला ती वेळ आवडते. बा आणि मी शेरडं घेऊन रानातून परत येतो. बा माझा हात धरतो. पुढं घंटीवाली बोकडी. गाव विरघळून जातं, नुसते आवाज राहतात. घरी आलं की दारापासून शेरडांच्या वाडग्यापर्यंत बानं बांधलेली लोकरीची दोरी — ती धरून मी शेरडं आत घालते. माझ्यासाठी बांधलेली दोरी! गावात दुसऱ्या कुणाच्या बापानं असं केलेलं नाही.

२९ मे

मोहियोद्दीनचाचांच्या बूथवर गेले, मावशीला फोन लावायला. चाचांचा एक पाय लहानपणीच पोलिओनं गेलाय. एसटीडीचा बूथ त्यांना त्या पायाच्या कागदावरच मिळाला. त्यांनी विचारलं, बारावीनंतर काय? मी म्हणाले, डी.एड. करायचंय, पण मार्क पुरायचे नाहीत.

तर म्हणे, अपंगांच्या वेगळ्या जागा असतात की. मी म्हणाले, माझे हातपाय धड आहेत. चाचा हसले आणि काचेवर चिकटवलेलं पेपरचं कात्रण दाखवलं. कोणकोणते आजार सरकारी सवलतीत बसतात त्याची यादी. अंध. कमी दिसणारे. कुष्ठरोगातून बरे झालेले. कमी ऐकू येणारे. हातापायानं अधू. मतिमंद. मानसिक आजारी. डॉक्टरनं चाळीस टक्के किंवा जास्त लिहून दिलं पाहिजे.

यादी तीनदा वाचली. दुसऱ्या ओळीत मी! इतकी वर्षं वाटायचं हे माझं एकटीचंच काहीतरी वेड आहे. आणि ते छापलेलं होतं! घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. एका खुंट्याला धडकले, त्याचंसुद्धा वाईट वाटलं नाही.

३० मे

बाला सांगितलं. भाकरी अर्धी टाकून उठला. कागदावर आंधळी लिहून आणणार का, म्हणे, मग सोयरीक कोण करील? मी म्हणाले, सोयरीक नको, मला मास्तरीण व्हायचंय. बा वाडग्याकडं गेला आणि बराच वेळ शेरडांशीच बोलत बसला.

माय म्हणते, राहू दे, त्याच्या मनाला लागतंय. काहून लागतंय पण? डोळे माझे आहेत!

४ जून

पास! सत्तावन्न टक्के. माय वस्तीभर गूळ वाटून आली.

१२ जून, गुरुवार

सेनगावला अपंगांच्या तपासणीचं शिबिर होतं, शाळेच्या हॉलमध्ये. बा शेवटी आलाच सोबत.

रांगेत किती माणसं! कुबड्या, काठ्या, पाठुंगळी घेतलेली लेकरं. एक आजोबा सगळ्यांना सांगत होते की त्यांचा कान नव्वद टक्के आहे, जसा काही पहिला नंबर आला. मला तिथं बरं वाटत होतं. कुणी कुणाला 'डोळे हायेत का खाचा' म्हणत नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी खालच्या ओळीपर्यंत धडाधडा वाचली. वाचता येतंच मला, बांगडीत मावतं ते सगळं येतं. मग त्या म्हणाल्या, माझ्या नाकाकडे बघ, मी बाजूनं बोट आणते, दिसलं की सांग.

आणि काय झालं काय माहीत. डाव्या कानापाशी काचेच्या बांगड्या किणकिणल्या — मी म्हणाले, दिसलं. उजवीकडं किणकिणल्या — दिसलं. वर, खाली — दिसलं, दिसलं. बाईंनी लिहिलं, बाजूची नजर व्यवस्थित. पुढचा!

बाहेर आले तर बाचा चेहरा उजळला. वडापाव घेऊन दिला. मी खाल्ला नाही.

१३ जून

मीच माझ्या हातानं घालवलं. खोटं बोलायचं मनातसुद्धा नव्हतं. सवय! बानंच तर लावली. पाच वर्षांची होते तेव्हापासून — "पोरी, कानानं बघ. बाईमाणूस बांगडीवरून, शेरडू घुंगरावरून, सायकल साखळीवरून. कुणाला कळू देऊ नको." आणि कळू दिलं नाही मी. शाळेत नाही, कॉलेजात नाही, आणि जिथं कळायला पाहिजे होतं तिथंही नाही. रडून रडून डोळे सुजले. आता तर बांगडी अजूनच बारीक.

बा एवढं सगळं कुठून शिकला कोण जाणे. शेरडं राखून राखून शिकला असेल.

१६ जून, सोमवार

औंढ्याला गेलो. पास झाल्याचा मायचा नारळ होता. देवळात नागनाथ खाली आहे, अरुंद भोकातून पायऱ्या उतरून जावं लागतं. अंधार, ओलावा, धूर. लोक चाचपडत होते, एकमेकांच्या पाठीवर हात ठेवत होते, 'जरा धरा हो' म्हणत होते. इथं सगळेच माझ्यासारखे! हसूच आलं. बा माझ्यापुढं होता, हळू आवाजात पायऱ्या मोजत होता. त्याला सगळ्या पाठ आहेत.

पिंडीवर हात ठेवला. थंड. काही मागितलं नाही. तिथून वर यावंसंच वाटत नव्हतं.

१९ जून

चाचांना बांगड्यांचं सांगितलं. आधी पोट धरून हसले, मग रागावले. म्हणे फॉर्मची तारीख तीस जून आहे, बुधवारी हिंगोलीला डॉक्टरांचा बोर्ड बसतो, अजून एकदा जा. मी म्हणाले, परत तसंच झालं तर? चाचांनी कुबडी टेबलाला टेकवली. म्हणाले, "बेटी, मी पण लई साल लंगडणं लपवून चालायचो. त्याची तकलीफ पायापेक्षा जास्ती होती. तिथं जे न्हाई ते न्हाई म्हणायचं. बस."

२५ जून, बुधवार

झालं!! नीट लिहिते.

हिंगोलीच्या बोर्डावर शिबिरातल्याच बाई, त्याच हिरव्या बांगड्या. ओळखलं त्यांनी. तू तर नॉर्मल होतीस ना, म्हणाल्या. माझ्या एकदम तोंडातून निघून गेलं, "बाई, तुमी बांगड्या काढून तपासता का?"

खोलीतले सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या, मग एकेक बांगडी काढून टेबलावर ठेवली. पंखासुद्धा बंद करायला लावला. मी त्यांच्या नाकाकडं बघत बसले. काहीच नाही. शांत, शांत. खाली पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं. मला वाटलं अजून सुरूच केलं नाही. आणि एकदम त्यांच्या नाकासमोर बोट उगवलं! मी म्हणाले, आता दिसलं. बाई हळूच म्हणाल्या, "अगं, मी चार वेळा आणलं."

मग आतल्या यंत्रावर तपासलं. पंच्याहत्तर टक्के. मला एवढे मार्क आयुष्यात कधी पडले नव्हते.

बाईंनी विचारलं, घरात अजून कुणाला आहे का? हा आजार पुष्कळदा रक्तातून येतो. वडील आलेत ना, त्यांना आत पाठव. मी बाहेर जाऊन बाला म्हणाले, चल, बोलावतात. तर म्हणे, मी येत न्हाई, चपला कोण सांभाळील? आमच्या दोघांच्या मिळून दोन जोड! किती गयावया केली, जागचा हलला नाही. शेवटी मीच जाऊन सांगितलं, घरात कुणाला नाही.

परतीची बस उशिरा आली. आमच्या गोरेगावला उतरलो तर दिवे लागलेले. बानं हात धरला. वस्तीच्या वाटेवर पाइपासाठी नवा चर खणून ठेवलाय — दोघं एकदम आत! मी हसत सुटले. माझ्या नादात बिचारा बा पण पडला. तो हसला नाही. नुसतं विचारत होता, कागद भिजला का? कागद भिजला का?

२७ जून

फॉर्म दिला. चाचांनी दहा वेळा तपासला. नंबर लागला तर परभणीला राहायचं. तिथली संध्याकाळ कशी असेल? आवाज कोणते असतील? झोपताना परभणीचे रस्ते बांधत बसते, एकेक आवाज लावून.

२९ जून, रविवार

आता मी जाणार, दोरीचं काय काम, म्हणून सकाळी सोडायला घेतली. धुऊन गुंडाळून सोबत नेणार होते, आठवण म्हणून. एक गाठ सुटली तोच माय चुलीपासून धावत आली आणि माझा हात धरला.

"सोडू नको. ती तुझी न्हाई."

मायनं ती बासाठी बांधली, लग्न होऊन आली त्याच वर्षी. माझ्या जन्माआधी तीन वर्षं.

बा ओट्यावर लोकर कातत होता. चाती थांबली. म्हणाला, "चार घरची शेरडं हायेत माझ्याकडं. कळलं असतं तर कुणी दिली असती का?" मग म्हणाला, "आन् तू गेल्यावर..." आणि चाती परत फिरवायला लागला.

म्हणजे इतकी वर्षं दिवेलागणीला माझा हात धरून तो मला आणत नव्हता. मी त्याला आणत होते. दोघंही एकमेकाच्या भरवशावर!

गाठ परत बांधली, दुहेरी. बाला म्हणाले, बुधवारी बोर्ड आहे. या वेळी तू आत जा, चपला मी सांभाळते.