सोडून गेलेलं गिऱ्हाईक

बाबा, परवा मी एकटीने पहिला सौदा केला. तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं तुमचे भागीदार ठरवायचे आणि मी सही करायची. आता तेही थकले. लोक अजून विचारतात, सॉफ्टवेअरमध्ये एवढा पैसा कमावलेला माणूस यवतमाळात बसून पैसे गुंतवायला नव्या कंपन्या पारखायचा कशा? मी सांगते, हिशेब सगळेच बघतात, बाबा मात्र त्या कंपनीला सोडून गेलेलं गिऱ्हाईक शोधायचे. मोबाइलवर कापसाचे भाव पाठवणाऱ्या त्या पोराला घेऊन आपण राळेगावला गेलो होतो, आठवतं? ते भाव घेणं सोडून दिलेला शेतकरी वावरात उभा राहून म्हणतो, "भाव येते ना, पण इंग्रजीत. पोट्टं शाळेतून येऊन वाचून दाखवते, तोवर मी कापूस इकून मोकळा." पोराचं तोंड उतरलं. तुम्ही मात्र खुशीत. "आता देतो पैसे," म्हणालात, "काय दुरुस्त करायचं ते कळलं न तुले." तिथल्या तिथे, बांधावर. काय रुबाब वाटला होता मला तुमचा! आणि कंपनीत वाटा मागितलात तोही थोडाच. कंपनी त्याला स्वतःची वाटली पाहिजे, असं तुमचं म्हणणं.

परवाची मुलगी इथल्या लोहाऱ्यात शेड घेऊन जमिनीतली ओल मोजणारं यंत्र बनवते. महागावच्या वावरातली ओल तिला इथे फोनवर दिसते. मी नाही म्हटलं असतं तर शेडला कुलूपच लागलं असतं. कागद चोख होते. मी तुमचा प्रश्न टाकला: यंत्र बंद कोणी केलंय? ती चपापली. "एकच बंद हाये. माह्याच बाबानं केलं."

महागावला गेलो. तिच्या वडिलांनी चहा दिला, इकडचं तिकडचं बोलत राहिले. यंत्रात खोट काय, मी विचारलं.

"खोट कायची? पहिले पोरगी रोज फोन करे, बाबा, वावरात ओल हाये का म्हणून. यंत्र लावलं अन् फोनच बंद. तिले तिथंच दिसते न सारं! मंग म्या बटन बंद केलं. तवापासून रोज फोन येते, बाबा, यंत्र बंद काहून हाये?"

पोरगी हसायला गेली आणि रडू लागली. मी तिथेच हो म्हटलं, वाटाही थोडाच मागितला. तुम्हाला पटलं असतं.

हे पत्र टाकणार तरी कुठे? पण एक सांगून टाकते. सौदा झाल्यावर मी आणखी एक चहा मागितला. चहा नको होता, बाबा. त्या दोघांजवळून मला उठवत नव्हतं.