शेवटच्या दोन ओळी

२ जून, सोमवार
राजारामपुरीत मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या क्लासला नाव घातलं. डॉक्टर तपासून तोंडानं रिपोर्ट सांगतात, आपण कानाला हेडफोन लावून टाइप करायचा. रुग्णांची सेवा. ह्यांनी विचारलं, "एकदम बरी सेवा सुचली?" दसऱ्यापासून आत्याबाई, म्हणजे माझ्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आपल्याकडं यायच्या आहेत. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. चार वर्षं थोरल्या जाऊबाई, आक्का, कसबा बावड्यात त्यांचं सगळं करतात, मला मान्य आहे. पण नोकरीच लागली तर त्याला कोण काय करणार?

११ जून
प्रियदर्शनी मॅडम चोवीस वर्षांच्या. वर्गात सगळ्या पोरी, मला काकू म्हणतात. मॅट्रिकला इंग्रजीत बासष्ट होते हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. सगळ्या खाली मान घालून टाइप करायला लागल्या. दबदबा बसला.

७ जुलै
परीक्षेत नापास. सरावाचा अमेरिकन डॉक्टर भरभर बोलतो. संस्कार नाहीत. कीबोर्डही मळका होता.

२१ जुलै
पुन्हा नापास. आषाढ मला लाभत नाही. श्रावणात बसेन.

१ ऑगस्ट
पास! मॅडम म्हणाल्या, "काकू, आता तुम्हाला सोडलेलंच बरं." गहिवरल्या होत्या.

१२ ऑगस्ट, अंगारकी
एका डायग्नॉस्टिक सेंटरमध्ये नोकरी लागली. तिथं आता डॉक्टरांचं बोलणं ऐकून संगणकच टाइप करतो. मी फक्त त्याच्या चुका काढायच्या. म्हणजे संगणक माझ्या हाताखाली.

१८ ऑगस्ट
डॉक्टर न वाचता सही करतात. सहा दिवसांत एवढा विश्वास. प्रत्येक रिपोर्टआधी अंबाबाईचं नाव घेते, त्यामुळं वेग कमी पडतो असं वरचे म्हणतात. पडू दे.

८ सप्टेंबर
आक्कांना फोन केला. म्हटलं, नोकरीमुळं आत्याबाईंचं कसं जमायचं? त्या म्हणाल्या, "बघू की. मीच जरा दाखवून घेणार हाय गं. छातीत गाठीगत काय तर लागतंय." आमच्याच सेंटरला या म्हटलं. अगदी मनापासून.

२५ सप्टेंबर, नवरात्र
नऊ दिवस अनवाणी. निरंकार उपास करणार होते, पण बसून काम असतं, म्हणून साबुदाणा.
आक्कांचा रिपोर्ट माझ्याच स्क्रीनवर आला. डाव्या स्तनात गाठ. शेवटच्या दोन ओळी अशा: कॅन्सरची शंका. तुकडा काढून तातडीनं तपासावा.
हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं. आक्का दवाखान्यात अडकल्या तर आत्याबाईंचं कोण करणार? आणि ऐन नवरात्रात घरच्या बाईबद्दल असलं अशुभ आपल्या हातानं लिहायचं? त्या दोन ओळी काढल्या. 'सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे' एवढं घातलं. गाठ मात्र तशीच राहू दिली. खोटं मी लिहीत नाही. दसरा झाला की स्वतः जाऊन सांगायचं. ठरलं.
डॉक्टरांनी फोनवर बोलत बोलत सही केली.

२६ सप्टेंबर
आक्का पेढे घेऊन आल्या. "लई भ्यालेली गं मी. तुझ्या सेंटरात दावलं, देवीनं राखलं." वर म्हणाल्या, "तुझी नोकरी हाय, आत्याबाई ऱ्हाऊ देत माझ्याकडंच." देवी ऐकते. पेढे उपासाला चालतात.

३ ऑक्टोबर
दसरा झाला. पण दिवाळी तोंडावर. दोन्ही घरचा फराळ आक्काच करतात, त्यांचा हात हलका. आत्ता मन कशाला दुखवायचं? दिवाळीनंतर नक्की.

२७ ऑक्टोबर
सांगायलाच बावड्याला गेले होते. आक्का आत्याबाईंना न्हाऊ घालत होत्या. व्यत्यय नको म्हणून चकल्या घेऊन परत आले.

२७ नोव्हेंबर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार
आक्कांचा डावा हात दुखतो म्हणे. हळदीचा लेप सांगितला. त्यांच्या नावानं रोज एकशे आठ जप चालू केलाय. सख्खी बहीण एवढं करत नाही.

५ जानेवारी
मार्गशीर्ष संपला, पण पौष लागला. पौषात शुभ गोष्ट बोलत नाहीत. अशुभ चालते का, गुरुजींना विचारायला हवं.

१६ जानेवारी
थोरले दीर गणपतराव आक्कांना घेऊन सेंटरला आले. काखेतही गाठी आल्यात. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट वाचला. त्यांना वाचताना मी पहिल्यांदाच बघितलं. म्हणाले, "हे मी बोललोच नाही."
मला वाटायचं, ओळ काढली की गेली. तर संगणक डॉक्टरांचा आवाज तारखेनिशी जपून ठेवतो. क्लासमध्ये शिकवलं असेल तर त्या दिवशी माझी एकादशी असणार. सगळ्यांसमोर स्पीकरवर लावलं. दोन्ही ओळी अगदी स्पष्ट.
मी म्हटलं, नवरात्र होतं.
गणपतराव ओरडले, "माणूस मारायला बसलीस आनि नवरात्र सांगतीस व्हय?" आक्का ओरडल्या नाहीत. माझ्याकडं बघून हळू म्हणाल्या, "आत्याबाई नको हुत्या तर तसं सांगायचं की गं. मी कुठं न्हाय म्हटलं असतं?"
नोकरी मी सोडली. पत्र सेंटरनं दिलं, पण मनानं माझं आधीच ठरलं होतं.

२ फेब्रुवारी
आत्याबाईंना काल खाटेसकट आणून सोडलं. दिवसभर "थोरली कुठं हाय?" चालू असतं. थोरलीचं पहिलं केमो झालं. चार महिन्यांपूर्वी यायला हवं होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले म्हणे. डॉक्टरांना काय, ते सगळ्यांनाच म्हणतात.
सकाळी ह्यांच्याबरोबर आक्कांना डबा पाठवला. मऊ भात, मुगाचं वरण, वर तूप. दुपारी डबा तसाच परत आला. झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं. अन्न टाकू नये. आत्याबाईंना भरवलं, उरलेलं मी खाल्लं. मीठ बरोबर होतं.