बाहेरून कडी

६ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे. सामान अजून खोक्यांत आहे, कंबरेचे टाके ढिले झालेत, पण बऱ्याच दिवसांनी मन हलकं आहे. घर लहान पण भरपूर उजेडाचं. पुढे माझी खोली, मध्ये बोळाएवढं स्वयंपाकघर, मागे बाबांची खोली. त्यांच्या खिडकीतून समुद्र दिसतो. खिडकीला चांगले जाड गज आहेत, तेवढी एक काळजी मिटली. बाबा समुद्र बघून म्हणाले, अहो बाई, हॉटेल छान शोधलंत. गेल्या वर्षापासून मी त्यांची 'बाई' आहे. आपल्याला मुलगी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, पण ती म्हणे शाळेत गेली आहे. पन्नाशी आली तरी माझी शाळा काही सुटत नाही.

एक गंमत म्हणजे घरात एकाही दाराला कडी नाही. कड्या उपटून भोकं बुजवून टाकली आहेत. घरमालकीणबाई शेजारीच राहतात. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, आमच्या गावात दारं लावत नाहीत. मग बाथरूमचं काय? तर म्हणाल्या, पडदा आहे की, आणि आत गेलं की गाणं म्हणायचं. मला गाता येत नाही, हे त्यांना लवकरच कळेल.

९ ऑक्टोबर

नव्या नोकरीचं पार्लर बरं आहे. आरसे स्वच्छ, कात्र्या धारदार, मालकीण मोजकं बोलणारी. केस कानांवर ओढून घेण्याची तिला सवय आहे. पार्लरचं दार दिवसभर दगड लावून उघडं ठेवतात आणि समुद्रावरचा वारा थेट आत. कापलेले केस झाडून गोळा करेपर्यंत निम्मे रस्त्यावर पोचलेले असतात. समोरचा दुकानदार म्हणतो, तुमच्या गिऱ्हाइकांच्या बटा माझ्या बरण्यांत सापडतात.

आज वैतागून मी पायाने दगड सरकवला आणि दार लोटून घेतलं. खुर्चीतल्या तिघीही उठल्या. एक तर डोक्याला रंग फासलेली, ती तशीच टॉवेल धरून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मालकिणीने दार उघडून दगड पुन्हा लावला. तिघी परत येऊन बसल्या. मला कोणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

१३ ऑक्टोबर

बाबा सकाळी निघून गेले. मी आंघोळीला गेले होते तेवढ्यात. सापडले ते गुडघाभर पाण्यात, चपलांसकट, समोर बघत. कुठे निघालात विचारलं, तर म्हणाले, मुलीला शाळेतून आणायला. अंग पुसलं, कपडे बदलले, मग मीच पाटावर बसून रडले. दुपारी तीन गिऱ्हाइकं होती.

१४ ऑक्टोबर

कालचं ऐकून मालकिणीने आज आपणहून सांगितलं. किनाऱ्यावरच्या रस्त्याच्या टोकाला जी मोकळी जागा आहे, तिथे करमणूक केंद्र होतं. पोहायचा तलाव, घसरगुंड्या, स्केटिंगचा हॉल. सुट्टीचा दिवस, भर दुपार. फोमच्या गाद्या ठेवायच्या खोलीत आग लागली. पोरं तिकीट न काढता मागच्या दाराने शिरायची, म्हणून राखणदाराने त्या दाराला बाहेरून कडी घातलेली. धूर झाल्यावर सगळे त्याच दाराकडे धावले. राखणदार वळसा घालून आला, त्याने कडी काढलीही, पण दार आतल्या बाजूला उघडणारं आणि आतून सगळी माणसं त्यावर रेटलेली. मागे सरा, मागे सरा, म्हणून तो ओरडत राहिला. पुढच्यांना ऐकू गेलं, मागच्यांना गेलं नाही. मालकीण बाथरूमच्या खिडकीतून निघाली. तिची धाकटी बहीण हॉलमध्ये होती.

हे सगळं तिने एकीचे केस विंचरता विंचरता सांगितलं. कंगवा थांबला नाही. म्हणाली, तेव्हापासून गावात कुठेही दार बंद झालं, की ते हॉलमधले सगळे आतल्या बाजूला गोळा होतात. बाहेर पडायला.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं आणि थकवाही आला. प्रत्येकाच्या घरात काही ना काही असतं. माझ्या घरातलं पाण्यात चालत जातं.

१९ ऑक्टोबर

आज छातीपर्यंत पाणी होतं. पोहायला आलेल्या एका माणसाने ओढून काढलं. घरी आणल्यावर बाबा त्याला 'पुन्हा या' म्हणाले.

भावाला फोन केला. तो म्हणाला, ताई, सरळ कडी लाव बाहेरून, कामावर जातेस तेवढ्यापुरती. तिकडे बसून त्याला सगळं सोपं दिसतं, पण बोलला ते खरं होतं. गावातल्या सुताराने साफ नकार दिला, वर मला समजावत बसला. मग बसने पुढच्या गावी जाऊन मोठी पोलादी कडी आणली आणि बाबांच्या दाराला बाहेरून स्वतःच ठोकली. हाताला फोड आले. कडी सरकवली आणि पुढच्या खोलीत आडवी झाले. अशी झोप कितीतरी महिन्यांत लागली नव्हती. भुतं येवोत हवी तर, पण मला रोज अशी झोप मिळो.

२२ ऑक्टोबर

सगळं ठीक. घरमालकीणबाई बोलेनाशा झाल्यात. कडी बघून परत गेल्या आणि आपलं दार आणखी सताड उघडलं.

बाबा म्हणतात, अहो बाई, हॉटेलात गर्दी फार वाढलीय. मी म्हटलं, सीझन आहे.

२४ ऑक्टोबर

जेवताना बाबा सांगू लागले. गाद्यांच्या खोलीतून आधी पिवळा धूर आला. शिट्टी वाजली, लोकांना वाटलं खेळ सुरू झाला. एका बाईचा स्केट तुटला आणि ती बसली ती उठलीच नाही. सकाळी काय खाल्लं ते ज्यांना आठवत नाही, त्यांनी हे सगळं न अडखळता सांगितलं. आम्ही इथे कधीही आलेलो नाही. त्यांच्याशी आगीबद्दल मी किंवा इथलं कोणी बोललेलं नाही.

त्यांच्या सदऱ्याला जळका वास येत होता. धुऊन टाकला.

२५ ऑक्टोबर

दाराला आतून रंगाचे फोड आलेत. सगळे खालच्या बाजूला, लहान मुलांचे हात पोचतील तिथे. हात लावून पाहिला. दार गरम होतं.

आज कडी घातली नाही. रजा काढून त्यांच्या उशाशी बसले. बसल्या बसल्या डोळा लागला, आणि तेवढ्यात ते निघून गेले. खडकांवर पडले होते, कपाळ फुटलेलं, लाट पायांवरून जात होती. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर —

काय करू मी? उघडं ठेवलं तर समुद्र. लावलं तर —

माझ्याच्याने होत नाही आता.

२६ ऑक्टोबर

कडी घातली.

मालकिणीने एवढंच विचारलं की, कामावर येताना लावून आलात का? मी मान डोलावली. तिने कात्री खाली ठेवली. म्हणाली, माझी बहीण दिसली तर तिला सांगा — आणि पुन्हा कात्री उचलली.

२७ ऑक्टोबर

बाबांची पाठ काळीनिळी. पडल्याची नाही, रेटल्याची. मी विचारलं, कोणी ढकललं? म्हणाले, मुद्दाम नाही हो, बिचारे घाबरलेत. माझ्यापुढे एक छोटी असते, ती चिरडते, म्हणून मी दाराला हात टेकून कमान करून उभा राहतो.

म्हातारी हाडं. किती वेळ उभे राहत असतील?

उद्या कडी उपटून टाकते. नोकरी सोडते. सकाळची चार गिऱ्हाइकं ठरलेली आहेत, तेवढी उरकून —

२८ ऑक्टोबर

दुपारी आले. कडी काढली. दार उघडत नाही.

खांदा लावला. इंचभर आत जातं, परत येतं. आतून खोकण्याचे आवाज. खूप जणांचे. दाराखालच्या फटीतून बाबांचे पाय दिसतात, आणि त्यांच्या मध्ये छोटे बूट, चाकांचे.

मागे सरा म्हणून ओरडले. घसा बसला. पुढच्यांना ऐकू जातंय. मागच्यांना नाही —

घरमालकीणबाई सुताराला आणायला धावल्यात. बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत. कुऱ्हाड मारली तर पहिला घाव बाबांना बसणार.

ढकलू नका, म्हणाले बाबा. पोरीला लागतं. म्हणून हात आवरायला लिहिते आहे. नाहीतर परत दार रेटीन.

दाराला टेकून बसले आहे. पाठ भाजते. हलत नाही. मीच घातली कडी. दुसऱ्या कोणी नाही —

बाबा हळू बोलतात. मी रडते ते त्यांना ऐकू जातंय. म्हणाले, सुटली का गं शाळा? रडू नकोस. मी येतोच आहे, जरा गर्दी आहे. ही छोटी झोपली. बरं झालं. माझे हात आता —

बाबा, थोडंच. पुढच्या दारातून सुतार कोपऱ्यावर दिसतोय. थोडं उभे राहा. बाबा, थोडं उभे