दहन, शोकसभा आणि एक दुरुस्ती

मी, खाली सही करणारा, वय सत्तावन्न, शाळा सातवीपर्यंत, पुढचे सगळे स्वतःच्या हिमतीवर, छापखान्यात एकतीस वर्षे मुद्रितशोधक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहितो. मी पूर्ण शुद्धीवर आहे. शुद्धीतच आयुष्य गेले. फुप्फुसांची तपासणी पाहून डॉक्टर म्हणाले, "उन्हाळा बघाल, पावसाळ्याचं सांगत नाही." वाक्य निर्दोष होते.

१. घर. दोन खोल्या, मागचा सज्जा आणि आतील सर्व वस्तू माझ्या एकुलत्या एक मुलीला. तिने नको म्हटले तर कुलूप लावून ठेवावे. ती सहा वर्षांत आलेली नाही. कारण कलम ५ मध्ये.

२. शब्दकोश, सहा खंड, समासातील माझ्या दुरुस्त्यांसह, छापखान्याच्या मालकाला. "आता मशीनच चुका शोधतं, काका," म्हणून त्याने मला घरी बसवले आणि माझ्याच पत्रिकेवर 'निरोप संमारंभ' छापले. खंड सहावा, 'स' पाहावा.

३. दहन. मी स्वतः स्मशानभूमीत जाऊन चौकशी केली. लाकडांवर वेळ लागतो, घरच्यांना थांबावे लागते. विजेवर दीड तास. मध्येच वीज गेली तर सांगता येत नाही. गॅसवर तासाभरात, आणि कोणी थांबले नाही तरी चालते. तिथल्या चालकाने विचारले, "कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"मग बसा की. घाई काय?"

मी त्याला पाटी दाखवली. 'विद्युतदाहिनी' लिहिले होते, हवे 'विद्युद्दाहिनी'. तो म्हणाला, "साहेब, इथं आलेल्यानं अजून तक्रार केली नाही."

मला गॅसवर द्यावे. भरलेला अर्ज सोबत आहे. त्यात 'अस्थी नेणाऱ्याचे नाते' हा रकाना मोकळा आहे. तो चुकून राहिलेला नाही. कोणी न नेल्यास महिन्याने तिथल्याच बागेत टाकतात. चालेल.

४. भिंग. ते शेजारच्या शिंप्याचे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वाचले, म्हणून कालच हातात दिले. "चला, सुई ओवायला तुम्हाला हाक मारणं वाचलं," तो म्हणाला. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी.

५. शोकसभा. वाचनालयाच्या त्याच सभागृहात, जिथे माझ्या पत्नीची झाली. त्या दिवशी मुलगी कागद घेऊन उभी राहिली. पहिले वाक्य वाचले, "आमच्या घरात आई एकटी होती." मी पहिल्या रांगेतून म्हणालो, "एकमेव म्हण."

तिने कागदाची घडी घातली. "नाही बाबा. मला एकटीच म्हणायचंय." आणि ती निघून गेली. पुढची वाक्ये कोणी ऐकलीच नाहीत.

मी रोज संध्याकाळी तपासायचे कागद घरी आणत असे. पत्नी काही बोलू लागली की बोट वर करून थांबवत असे, ओळ संपेपर्यंत. ओळी संपत नसत.

मुलीला तीन पत्रे पाठवली. पहिल्या दोन पत्रांत मी दोन शब्दांमधला फरक समजावला होता. तिसऱ्यात नुसती माफी होती. ते पाकीट न फोडताच परत आले.

तिला सभेचे कळवावे. आली तर तिने हवे ते, हवे तसे बोलावे; मध्ये कोणी तोंड उघडू नये. इतर भाषणे नकोत. अर्धा तास वाट पाहावी. ती येणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी पुरा अर्धा तास. मग शिंप्याने उभे राहून एवढेच वाचावे : "आमच्या घरात आई एकटी होती. वाक्य बरोबर होते." त्यानंतर खुर्च्या जागच्या जागी लावून दिवे बंद करावेत.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला आणि तिघांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

स्थळ : राहते घर, मागचा सज्जा
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२३

मृत्युपत्र करणारा : (सही)
साक्षीदार १ : (सही) शेजारी, शिंपी
साक्षीदार २ : (सही) विद्युतदाहिनी चालक

ता. क. दुसऱ्या साक्षीदाराने आपला हुद्दा स्वतःच्या हाताने लिहिला आहे. तो तसाच राहू द्यावा.