तुमची लाल गाडी आता आईच्या नावावर आहे

बाबा,

काल दुपारी तुमची लाल गाडी हिवाळ्यासाठी बंद करून ठेवली. तुमच्या पद्धतीने नाही, माझ्या. तुमची वही अजून गॅरेजच्या फळीवर आहे. तेल बदलणे, टाकी काठोकाठ भरणे, टायरांत हवा थोडी जास्त ठेवणे, हँडब्रेक न ओढणे, ही यादी तुमच्या त्या तिरक्या अक्षरात आहे आणि तिच्यातलं बरंचसं बरोबर आहे, म्हणून मी ते पाळते. पण हिवाळाभर दर दुसऱ्या रविवारी तुम्ही गॅरेजचं दार वर करून, बॅटरी परत जोडून, उंदरांसाठी कोंबलेलं काढून गाडी दहा मिनिटं नुसती सुरू ठेवायचात ना, ते साफ चुकत होतं. दहा मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, आत ओल धरते, सायलेन्सर गंजतो. तीसहून जास्त वर्षं तुम्ही ते केलंत आणि तेवढी वर्षं घरात कुणाची तुम्हाला सांगायची टाप नव्हती. ती ओळ मी पेनने खोडली आहे.

आई घडीच्या खुर्चीवर बसून सगळं बघत होती. अंगात जाड कोट, पायात स्नो बूट, मांडीवर चहाचा थर्मास. बाहेर अजून बर्फ नाही, पण एडमंटनचा ऑक्टोबर तुम्हाला सांगायला नको. मी गाडी धुतली, पुसली, मेण लावलं, पेट्रोलमध्ये ते टिकवायचं औषध घातलं. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी कोंबली. डांबरगोळ्यांचा डबा उघडणार तोच आई म्हणाली, "त्या नकोत. मे महिन्यात गाडीत बसलं की आठवडाभर साडीला वास येतो." मी म्हटलं, "बाबा घालायचे." "त्यांच्या साडीला येत नव्हता," ती म्हणाली. मग पेपरमिंटच्या तेलात भिजवलेले कापसाचे बोळे ठेवले. उंदरांना तेही आवडत नाही म्हणतात.

बॅटरी सोडवताना माझा हात अजूनही क्षणभर थांबतो. मी पुन्हा सोळा वर्षांची आहे, तुमचे दोन मित्र बायकामुलांसह जेवायला आलेत, आणि तुम्ही त्यांना गॅरेजमध्ये गाडी दाखवताय. मी हट्टाने पाना हातात घेते, काळ्याच्या आधी लाल टोक सोडवायला जाते, पाना पत्र्याला टेकतो आणि एवढी मोठी ठिणगी उडते. तुम्ही माझ्या हातातून पाना काढून घेता आणि पाहुण्यांकडे बघून हसत म्हणता, "मुलींच्या हाती हत्यार दिलं की हे असं. जा, चहा टाक." सगळे हसतात. काळं आधी सोडवायचं, हे एक वाक्य तुम्ही त्या वेळी सांगू शकला असतात. मला ते पुढे कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात एका परक्या बाईने सांगितलं, तिशी उलटल्यावर. त्या वर्गाचं मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही. तुम्ही हसला असतात, आणि मला तुमचं हसू नको होतं.

पण चहा टाक म्हणालात याचा मला तितका राग नाही, बाबा. खरा राग आहे तो त्याच्याही आधीच्या एका जानेवारीचा. मी आठ वर्षांची होते, धाकटा तीन वर्षांचा. तुम्ही दुसरी गाडी घेऊन फोर्ट मॅकमरीला तेलाच्या साइटवर गेला होतात. त्याला ताप चढला, डोळे पांढरे करायला लागला. शेजारचे घरी नव्हते, टॅक्सीवाला म्हणाला तासभर तरी लागेल. आईने त्याला रजईत गुंडाळलं, मला तिचा कोट घट्ट धरायला सांगितलं, आणि आम्ही बसस्टॉपवर उभे राहिलो. उणे तीसच्या खाली होतं. माझ्या पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. आई त्याच्या तोंडावर श्वास सोडत होती. आणि आमच्या मागे, वीस पावलांवर, बंद गॅरेजमध्ये ही गाडी होती, पांघरूण घालून निवांत. ती चालू करता आली असती की नाही ते मला माहीत नाही. पण आईला तो प्रश्नच पडला नाही, कारण तिने गाडी शिकू का म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "तुला कशाला हवंय? मी आहे ना." त्या दिवशी तुम्ही नव्हतात.

तो वाचला. तुम्ही शुक्रवारी परत आलात, त्याच्या कपाळाला हात लावलात, आणि मग गॅरेजमध्ये जाऊन आलात. "गाडीला कुणी हात लावला नाही ना?" असं विचारलंत. आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही, नुसती "नाही" म्हणाली. ते "नाही" मी इतकी वर्षं जपून ठेवलं आहे.

तर आता ऐका. आई गाडी चालवते. तुम्ही गेल्यावर चार महिन्यांनी, अडुसष्टाव्या वर्षी, ती मला म्हणाली, "मला शिकव." मी तिला माझ्या गाडीवर शिकवलं, शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी. पहिल्या परीक्षेत नापास झाली, दुसऱ्या परीक्षेतही झाली. दुसऱ्यांदा बाहेर आल्यावर मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "तो माणूस म्हणाला, मी फार हळू चालवते. चल, मला हायवेवर ने." तिसऱ्या खेपेला पास झाली आणि त्याच उन्हाळ्यात तुमची लाल गाडी छत उघडून चालवायला लागली. दर जूनमध्ये मला शेजारी बसवून ती तलावापर्यंत नेते. साडी, पांढरे स्नीकर्स, डोक्याला रुमाल. सिग्नलला पोरं हात हलवतात, ती हॉर्न वाजवते. तुम्ही तो हॉर्न कधी वाजवू दिला नव्हता.

काल पांघरूण घालत असताना टोरोंटोहून धाकट्याचा फोन आला. आईने स्पीकरवर टाकला. "आई, प्लीज, बी रीझनेबल," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी यू आर टर्निंग एटी. जस्ट सेल इट. ताई, यू टॉक टू हर." मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "तू सबवेने फिरतोस, तुला गाडीतलं काय कळतं? डॉक्टर लायसन्सच्या फॉर्मवर सही करणार असतील तर चालवीन. नसतील तर ही चालवेल आणि मी शेजारी बसून चुका काढीन. गाडी माझ्या नावावर आहे, विकायची की नाही ते मी ठरवणार." तो हसला, मग म्हणाला, "ओके, ओके." फोन ठेवल्यावर तिने मला पांघरुणाची खालची बाजू नीट ओढून घ्यायला लावली. मी ओढली. तिची नजर यंदा थोडी कमी झालीय, मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. तरी तिने किल्ली माझ्याकडे दिली नाही, पर्समध्ये टाकली.

हे सगळं तुम्हाला खिजवायला लिहितेय असं वाटलं तर वाटू दे. खिजवायलाच लिहितेय. पण एक गोष्ट राहिली आहे, ती आईलाही माहीत नाही, आणि म्हणूनच हा कागद मी तिच्या घरात ठेवणार नाही.

तुमच्या त्या शेवटच्या ऑक्टोबरमध्ये तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात आणि रोज संध्याकाळी मला एकेक विचारायचात. टाकी भरलीस का? बॅटरी काढलीस का? घासणी लावलीस का? मी रोज "हो बाबा" म्हणायचे. शेवटी तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तुला येतं सगळं. मी उगीच काळजी करत होतो." ते वाक्य ऐकायला मी आयुष्यभर थांबले होते. पण मी काहीच केलं नव्हतं. मी मुद्दाम गॅरेजचं दारसुद्धा उघडलं नव्हतं. वसंतात बॅटरी गोठून फुटलेली होती, मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलं होतं, आणि ते सगळं मी गुपचूप दुरुस्त करून घेतलं. तुम्ही मला ज्या कामाची शाबासकी दिलीत, ते मी पहिल्यांदा तुम्ही गेल्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये केलं.