औसा रोडच्या मागची मोजणी

लातूर, रविवार

प्रिय निजामभाई,

शिवमूर्तीचा देगलूरच्या दिशेला तोंड करून सलाम आणि शरणार्थ. तुझा गुडघा कसा आहे? सुलतानबीभाभींनी चहातली साखर बंद केली असेल, तर माझ्या वाटणीचा चहा हॉटेलात जाऊन पीत जा. इथं सगळे मजेत आहेत, मी सोडून. पत्र यासाठी, की फोन मी कानाला लावला की माझी नातवंडं तो काढून स्पीकरवर टाकतात आणि मग खाजगी असं काही उरत नाही.

मृत्युंजयनं मला लातूरला बोलावलं ते "बाबा, जरा आराम करा" म्हणून. आरामाची व्याख्या अशी, की तो आणि सूनबाई मंजुषा कामावर गेले, की नऊ वर्षांचा सोमेश आणि सहा वर्षांची शिवानी माझ्या स्वाधीन. फ्लॅट औसा रोडला, तिसऱ्या मजल्यावर. हॉलमध्ये क्रिकेट, बेडरूममध्ये घोडा. (घोडा कोण, हे तू ओळखलं असशील. माझी कंबर अजून ओळखते आहे.) भिंतीवरचं घड्याळ चौकार लागून फुटलं तेव्हा मंजुषानं शांतपणे निकाल दिला. एक तर अज्जांनी, म्हणजे मी, पोरांना खेळायला जवळपास जागा शोधावी, नाही तर ती दोघांना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या स्केटिंगच्या क्लासला घालणार, आणि ने-आण अज्जांनी करायची. क्लासची वेळ दुपारी तीन. निजामभाई, कापडाच्या दुकानात चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला थांबवून ठेवून मी दुपारी झोपलेला माणूस आहे. या वयात झोप गेली तर माझ्याकडे राहिलं काय?

तेव्हा मी दोघांची बोटं धरून मैदान शोधायला निघालो. पहिल्या बागेत झोपाळा होता, पण त्यावर एक नियोजित वधू-वर बसून फोटो काढून घेत होते आणि फोटोग्राफर शिवानीला "बाळा, फ्रेममधून सरक" म्हणत होता. घसरगुंडीखाली रिटायर्ड मास्तरांची बैठक होती, ती रोज सकाळी भरते आणि अंधार पडल्यावर उठते. पुढं एक मोठं थोरलं मोकळं पटांगण दिसलं म्हणून पोरं धावली, तर ते ट्यूशनचं पार्किंग निघालं. वॉचमननं शिवानीकडे बघून मला विचारलं, नीट की जेईई? मी म्हटलं, लपाछपी. त्यानं गंभीरपणे आत बोट दाखवलं आणि फाउंडेशनची चौकशी दुसऱ्या खिडकीवर म्हणून सांगितलं. तिसरं मैदान हिरवंगार होतं, पण ते लग्नाचं लॉन. तिथं आम्हाला वऱ्हाडी समजून आत घेतलं. (जेवण बरं होतं. वांग्याला तिखट जरा कमी.)

शेवटी दमून परत आलो, आणि आमच्याच बिल्डिंगच्या मागं कॉलनीची ओपन स्पेस दिसली. म्हणजे स्पेस होती, ओपन नव्हती. एका कडेला बसलिंगप्पा गुत्तेदाराची वाळू आणि विटा, मध्ये श्रीमंत मंडपवाल्याचे खांब आणि कढया, दुसऱ्या कडेला कोंडाबाईची गाय, तिचा गोठा आणि तिच्या गोवऱ्या. सोमेशनं विचारलं, अज्जा, यात पीच बसंल का? आता कापडवाल्याला असा प्रश्न विचारल्यावर तो अंदाज थोडाच सांगणार. मी वर जाऊन दुकानातली लोखंडी मीटरपट्टी आणली (ती मी सोबत का आणली, हे देगलूरला सामान बांधताना आमच्या रत्नम्मानंही विचारलं होतं) आणि वाळूच्या ढिगापासून गाईपर्यंत मोजायला लागलो. शिवानी मागून माझ्या पानाच्या डब्यातल्या चुन्याच्या खुणा करत आली.

तू सगळी नोकरी मोजणी खात्यात काढलीस, तेव्हा आपल्या मुलखात पट्टी आणि पांढरी खूण दिसली की माणूस आपलं अतिक्रमण झाकायला कसा धावतो, ते तुला सांगायला नको. मी आठच दिवसांपूर्वी आलेला, धोतर-टोपीतला, कुणाच्या ओळखीचा नाही. श्रीमंत हळूच जवळ आला.

"साहेब, मोजणी चालू हाय का?"

"हाव. मोजून राहिलो."

"अजून कोण येणार हाय?"

"अकरा जण तरी लागतील," मी म्हणालो.

यात एक शब्द खोटा असेल तर सांग. पण सकाळी खिडकीतून बघतो तर खांब नाहीत, कढया नाहीत, बसलिंगप्पाचे मजूर वाळूची शेवटची पाटी ट्रॅक्टरवर टाकताहेत आणि गाय आपल्या गोठ्यासकट कोंडाबाईच्या मेव्हण्याच्या प्लॉटवर गेलेली. कोंडाबाईनं वर डबाभर खरवस आणून दिला. तो मी नाकारला असता तर तिला वाईट वाटलं असतं.

तेव्हापासून कॉलनीतली झाडून सगळी पोरं तिथं खेळतात. आयांनी ठरवलं, की साहेब बसतात तर पोरं सुखरूप आहेत. त्यामुळे भर तीन वाजता मागं राहिलेल्या विटेवर बसून मी बावीस पोरांची भांडणं सोडवतो आणि माझी झोप गेली ती गेलीच.

तर हवापालट म्हणून चार दिवस ये. सुलतानबीभाभींनाही आण.

तुझा,
शिवमूर्ती

ता. क. : हवापालट तुझ्या सोयीनं कधीही झाला असता, पण तू येत्या रविवारीच ये. बसलिंगप्पाला शंका आली आहे. त्यापुढच्या सोमवारपर्यंत साहेबाचं साहेबपण दिसलं नाही, तर विटा परत टाकतो म्हणतो. तुझी खाकी टोपी आणि ती मोजणीची दुर्बीण तिपाईसकट घेऊन मैदानात तासभर उभा राहा. बोलू नकोस. नुसता एक डोळा मिटून बघ.

आणखी एक : खरंच मोजू नकोस. आमच्या बिल्डिंगचं पार्किंग अर्धं त्याच ओपन स्पेसमध्ये आहे, असं श्रीमंत म्हणतो.

शेवटचं, मंगळवारी : पत्र टाकायचं राहिलं, तोवर मंजुषाला माझी दया आली. आता आया पाळीपाळीनं बसतात, मी दुपारी झोपायचं असं ठरलं. काल पहिल्यांदा आडवा झालो. खालून पोरांचा ओरडा येत होता. कूस बदलली, पंखा वाढवला, तरी झोप येईना, मग खाली गेलो. शिवानीनं स्वतःची बॅट माझ्या हातात दिली. निजामभाई, मला इतका आनंद कितीतरी वर्षांत झाला नव्हता. रत्नम्मा विचारेल, हे परत कधी येणार. तिला सांग, मोजणी लांबली आहे. आणि येताना माळ्यावरचे माझे कॅनव्हासचे बूट तिच्या नकळत घेऊन ये. धोतर खोचता येतं, पण चपलेत दुसरी रन निघत नाही.